बाल्कनीतला खोकला

"अहो, सरकवा तुमचं ते लोखंड. मला मिरच्या निवडायच्यात."

पंपवाल्यांनी मान वर न करता टेबलावरचे नट-बोल्ट कोपरानं आपल्याकडे ओढले आणि अर्धं टेबल रिकामं करून दिलं. त्यांच्यासमोर जुन्या वर्तमानपत्रावर कुठल्यातरी इमारतीच्या पंपाचं पोट उघडं पडलं होतं. नोकरी केव्हाच संपली, पण लोक अजून पंप घेऊन दारात उभे राहायचे आणि यांच्या तोंडून 'नाही' निघायचं नाही.

त्यांची बायको म्हणजे सिस्टर. वॉर्डातली नोकरी सुटली तरी जिन्यात भेटणारा प्रत्येक जण त्यांना सिस्टरच म्हणायचा. कुणाचं बोट कापलं, कुणाचं मूल तापलं, की पहिली बेल यांच्याच दाराची. ती दोघं एकमेकांना काय म्हणतात, हे मात्र कुणी ऐकलं असतं तर हसू आलं असतं, कारण 'अहो' आणि 'अगं' या दोन शब्दांवर त्यांनी सगळा संसार ओढत आणला होता.

आज मुलगी जेवायला येणार होती. तिनं फोनवर आधीच बजावलं होतं, "आई, नूडल्स. तुझ्या त्या सॉसच्या. दुसरं काही करत बसू नकोस."

लाल ओल्या मिरच्या सिस्टरांच्या बोटांमधून वाडग्यात पडत होत्या. देठ इकडे, मिरची तिकडे. हात आपसूक चालले होते, कारण सिस्टर स्वतः अजून पहाटेच्या स्वप्नातून पुरत्या बाहेर आल्या नव्हत्या. खिडकीतून ऊन आत आलं होतं, पडदा उगाच फुगत होता आणि बसत होता, आणि त्यांना वाटत होतं की आपण अजून त्या खोलीतच आहोत.

नर्सेसच्या हॉस्टेलची अरुंद खोली. दोन पलंग, मधे खिडकी, खिडकीत वाळत घातलेले पांढरे मोजे. आणि खाली फरशीवर फतकल मारून बसलेली लवंगी.

लवंगी त्यांची खोलीतली जोडीदारीण. इंडोनेशियातून नर्सिंगसाठी आलेली. तिचं खरं नाव लांबलचक होतं आणि कुणाच्या जिभेवर बसत नव्हतं. अंगानं एवढीशी आणि रागाला ही एवढी, म्हणून सिस्टरांनी तिची लवंगी मिरची केली आणि तिनंही ते आनंदानं मिरवलं. सुट्टीच्या दिवशी ती एका बसक्या दगडी खलात मिरच्या, छोटे कांदे, लसूण, टोमॅटो असं सगळं वाटायची. सांबाल म्हणायची त्याला. त्यात घालायला तिच्याकडे एक काळपट वडी असायची, कोळंबी आंबवून, वाळवून केलेली. ती वडी भाजायला घेतली की सगळा मजला नाक दाबून पळायचा. वॉर्डनबाई दार बडवायच्या, "काय मेलंय का या खोलीत?" आणि लवंगी डोळे मिटून, छाती भरून तो वास घ्यायची आणि म्हणायची, "घर." एवढंच. आपली भाषा ती नुकती शिकत होती, पण हा शब्द तिनं पक्का केला होता.

सिस्टरांनी आधी नाक मुरडलं, मग चव घेतली, मग त्यांना त्याचं व्यसनच लागलं. लवंगी परत गेली तेव्हा तो दगडी खल त्यांच्या पलंगाखाली ठेवून गेली. "मला तिकडे दुसरा मिळेल," ती म्हणाली होती, "तुला इकडे मिळणार नाही."

पहाटेच्या स्वप्नात वडी भाजत होती आणि सिस्टरांना वास आला होता. खरा वास. आधी तो कुबट, अंगावर येणारा भपकारा, आणि मग त्याच्या मागून हळूच येणारं ते खमंग काहीतरी. जाग आली तेव्हा त्यांनी डोळे न उघडता खूप वेळ श्वास धरून ठेवला होता. पण श्वास काय, सोडावा लागतोच. पुढचा श्वास घेतला तर तो नुसता गार होता.

सिस्टरांना वास येत नव्हता.

गेल्या थंडीत एक ताप आला होता. साधा, चार गोळ्यांचा ताप. तो गेला, आणि जाताना नाक घेऊन गेला. पहिल्यांदा त्यांना वाटलं सर्दी आहे, सुटेल. मग त्यांनी चोरून कॉफीच्या डब्यात नाक घातलं. स्पिरिटची बाटली हुंगली. पंपवाल्यांचा ग्रीसनं माखलेला शर्ट धुवायला टाकताना तोंडावर दाबून पाहिला. कुठेच काही नाही. सगळं जग धुऊन इस्त्री करून ठेवल्यासारखं झालं होतं, स्वच्छ आणि परकं. ओळखीच्या डॉक्टरांना एकट्याच जाऊन भेटल्या, तर ते म्हणाले, "येईल किंवा नाहीही येणार. वाट बघू या." हे वाक्य सिस्टरांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या नातेवाइकांना सांगितलं होतं. त्याचा अर्थ त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

त्या कुणाला काही बोलल्या नाहीत. लपवणं कठीण नव्हतं. वॉर्डात त्यांनी असे काही वास सोसले होते की नवख्या पोरी बाहेर जाऊन ओकायच्या, पण सिस्टरांच्या चेहऱ्यावरची रेष हलायची नाही. पेशंटला लाज वाटू नये म्हणून हा चेहरा त्यांनी मुद्दाम कमावला होता. तोच आता घरात उपयोगी पडत होता.

आणि बोलल्या नाहीत त्याला कारण होतं ते मुलगी. ती गॅस कंपनीत होती. घरोघरी जाऊन शेगड्या, नळ्या, जोड तपासायची, आणि बायकांना बसवून सांगायची, "घरातला पहिला अलार्म म्हणजे तुमचं नाक." वरच्या मजल्यावरच्या आजोबांना वास कळत नाही हे लक्षात आल्यावर हिनंच त्यांच्या मुलाला गाठून शेगडी काढायला लावली होती. त्यात तिचं काही चुकलं नव्हतं. पण आजोबांची ती शेगडी कितीतरी दिवस जिन्यात भिंतीला टेकून उभी होती, आणि डबा यायच्या वेळी आजोबा तिच्याशेजारी येऊन उभे राहायचे. सिस्टर भाजी घेऊन वर चढताना ते म्हणायचे, "काय करणार आज?" आणि उत्तर संपूर्ण ऐकून घ्यायचे, अगदी फोडणीपर्यंत. त्या शेगडीशेजारी आपली शेगडी सिस्टरांना दिसायची. तेवढं एक त्यांना सहन होण्यासारखं नव्हतं.

"झाल्या का निवडून?" पंपवाल्यांनी विचारलं.

"झाल्या."

"बऱ्याच दिसतात."

"तुम्हाला आवडतं ना तिखट."

"हो हो," पंपवाले घाईनं म्हणाले आणि एक वॉशर उन्हात धरून बघू लागले.

कढईत तेल तापलं. मिरच्या, छोटे कांदे, लसूण आणि टोमॅटोच्या फोडी तेलात पडल्या, तडतडल्या आणि मग मऊ होत एकमेकांना चिकटल्या. सिस्टर हे सगळं डोळ्यांनी करत होत्या. कांद्याच्या कडा लाल झाल्या की बस, मिरचीचं साल सुरकुतलं की बस. त्यांनी सगळं खलात काढलं आणि फ्रिजच्या दारातून फॉइलमध्ये गुंडाळलेली पुडी घेतली.

इथे एक सांगायला हवं. औषधांच्या कपाटात चिठ्ठीशिवाय एक बाटली न ठेवणाऱ्या या बाईनं घरातल्या एकाही डब्यावर कधी चिठ्ठी लावली नव्हती. "घरात मला नाकानं कळतं," असं त्या अभिमानानं म्हणायच्या. लवंगीकडून त्या पुडी फॉइलसकट भाजायला शिकल्या होत्या. तशी ती चिमट्यात धरून त्यांनी आचेवर धरली.

आता बाल्कनीचा कार्यक्रम. या घरात लग्नापासून तो चालत आला होता आणि त्यात कधी खंड पडला नव्हता. वडी आचेवर आली की पंपवाले जे काही हातात असेल ते टाकून उठायचे, "आलं, आलं तुझं गटार!" म्हणून ओरडायचे, बाल्कनीत जाऊन दार लावून घ्यायचे आणि शेजाऱ्यांना ऐकू जाईल असं खोकायचे. सिस्टर आतून म्हणायच्या, "नाटकी!" मुलगी लहान असताना तर टाळ्या पिटायची.

"आलं, आलं तुझं गटार!" पंपवाले ओरडले. पान्हा टाकला, खुर्ची सरकवली, बाल्कनीचं दार धाडकन लागलं आणि पलीकडून खोकला सुरू झाला. चांगला छाती फोडून.

"नाटकी!" सिस्टर म्हणाल्या. त्यांना बरं वाटलं. निदान अजून कुणाच्या तरी नाकात त्यांचं स्वयंपाकघर शिल्लक होतं.

पुडी दोन्ही बाजूंनी फिरवून झाल्यावर त्यांनी ती खलावर धरून उघडली. वडी भाजली की भुरभुरीत होते, बोटांनी चुरता येते. ही चुरली नाही, बोटांना चिकटली. मधे धागे होते, आणि एक चिंचोका चमकत होता.

चिंच होती ती. तीही फ्रिजच्या दारात अशाच फॉइलमध्ये असायची.

सिस्टर चिमटा हातात धरून उभ्या राहिल्या. फ्रिजचं दार उघडून पाहिलं. वडीची पुडी तिथेच होती, तशीच्या तशी, अंड्यांच्या मागे. बाहेर खोकला चालूच होता.

भाजलेल्या चिंचेला काही गटाराचा वास येत नाही. मग हा माणूस खोकतोय कशाला?

सवय असेल, त्यांनी स्वतःला सांगितलं. पुडी आचेवर दिसली, उठला आणि गेला. पण तेवढ्यानं त्यांचं समाधान होईना.

"अहो."

दाराची फट झाली. "गेला का गं वास?"

"आत या."

"थांब जरा, डोळ्यांतून पाणी..."

"आत या म्हणते ना."

पंपवाले आत आले. डोळे कोरडे ठणठणीत होते. सिस्टरांनी फॉइल त्यांच्यापुढे धरलं. "काय आहे हे?"

त्यांनी वाकून पाहिलं. "चिंच."

"चिंच भाजली मी. वडी फ्रिजमध्ये आहे. मग तुम्ही एवढे खोकलात कशाला?"

पंपवाल्यांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला आणि पुन्हा घातला. खोटं बोलायचं असलं की त्यांना चष्मा पुसायला लागतो, हे सिस्टरांना लग्नाच्या पहिल्या वर्षापासून ठाऊक होतं.

"सवय," ते म्हणाले.

"अहो."

"म्हणजे... तसंच."

"कधीपासून माहीत आहे तुम्हाला?"

पंपवाले खुर्चीवर बसले. "दूध करपलं त्या दिवसापासून. मला बाहेरच्या खोलीत वास आला. आत येऊन बघतो तर तू पातेल्याशेजारी उभी. गाणं गुणगुणत होतीस."

"आणि बोलला नाहीत?"

"तूच सांगायचीस ना, पेशंटला आधी बोलू द्यावं. आपण घाई करू नये."

"मी पेशंट आहे?"

"नाहीस. म्हणून तर जास्तच थांबलो."

सिस्टरांना आधी राग आला. चांगला सणसणीत राग, इतके महिने आपण एकट्या नाटक करतोय असं वाटत होतं, आणि समोरचाही रंग लावून बसला होता, याचा. मग एकेक गोष्ट आठवू लागली. दूध आणायला हल्ली हेच जातात आणि पिशवी फोडायलाही हेच पुढे होतात. मासळी आणली की "ही मी कुत्र्याला घातली, बरी नव्हती" म्हणून मोकळे होतात. आणि दर रविवारी शेगडीच्या नळीवर साबणाचा फेस दिसायचा. त्यांना वाटायचं, म्हातारपणी नवऱ्याला स्वच्छतेचं वेड लागलं.

"तो फेस..."

"गळत असेल तर बुडबुडा येतो," पंपवाले म्हणाले. "पंपाचंही तसंच बघतो आम्ही."

सिस्टर त्यांच्यासमोर बसल्या. मधे तो उघडा पंप होता. "सॉस कसा होतोय हल्ली? खरं सांगा. चष्मा न पुसता."

"तिखट."

"किती?"

"जाळ," पंपवाले म्हणाले. एकदा खरं बोलायचं ठरल्यावर त्यांना अडवणं कठीण होतं. "जाळ म्हणजे जाळच. आणि वडी कधी कच्ची, कधी पार कोळसा. तू आत गेलीस की मी साखर खायचो मुठीनं."

"मग खात कशाला होता?"

"तिखट तुला लागतं ना अजून. ते नाकाचं नसतं, जिभेचं असतं, एवढं मला कळतं. म्हटलं, तेवढंच उरलंय तिच्याकडे, तर वाढवू दे तिला."

सिस्टर म्हणाल्या, "मला त्यातून काही येतच नाही हो. नुसतं भाजतं. पूर्वी तो वास आला की मी हॉस्टेलच्या खोलीत जायचे. लवंगी असायची, वॉर्डनबाई असायच्या, माझं अंग हलकं असायचं. आता दारच बंद झालंय. तुमच्या शर्टाचा वाससुद्धा गेला."

पंपवाल्यांनी स्वतःची बाही हुंगली. "यात काय होतं एवढं?"

"तेच तर," सिस्टर म्हणाल्या, आणि मग त्या रडल्या. वॉर्डातला चेहरा कुठे ठेवला होता तो त्या क्षणी सापडला नाही.

पंपवाले बसून राहिले. रडणाऱ्या माणसाचं काय करायचं हे त्यांना कधी जमलं नव्हतं. पण कुठल्याही यंत्रापुढे ते फार वेळ नुसते बसू शकत नसत, आणि बायकोपुढेही नाही. ते उठले, फ्रिज उघडला आणि अंड्यांच्या मागची पुडी काढून चिमट्याजवळ ठेवली.

"भाज," ते म्हणाले.

"तुम्ही बाल्कनीत जा मग."

"मी बाल्कनीत गेलो तर तुला सांगणार कोण?"

सिस्टरांनी त्यांच्याकडे पाहिलं. हात धुऊन आले होते, बाह्या वर केल्या होत्या, आणि चेहरा दाढ काढायला निघालेल्या माणसाचा होता.

आच पेटली. पुडी आचेवर आली. पहिल्या भपक्याला पंपवाल्यांचे पाय आपोआप मागे गेले. त्यांनी ओट्याची कड घट्ट धरली.

"काय येतंय?" सिस्टरांनी विचारलं.

"घाण."

"घाण कशी? नीट सांगा."

"ओल्या गोणपाटासारखी." त्यांच्या डोळ्यांतून आता खरोखर पाणी वाहत होतं. "आता... मासळीबाजार उठल्यावर फरशा धुतात ना, तसं. अगं, भयंकर आहे हे."

"कच्ची आहे अजून. थांबा."

"थांबलोय."

सिस्टरांनी पुडी फिरवली. त्यांनी डोळे मिटून घेतले होते. ऊन पापण्यांवर लाल दिसत होतं आणि पंपवाल्यांचा आवाज कुठून तरी लांबून, हॉस्टेलच्या जिन्यातून यावा तसा येत होता.

"आता जरा बदललं. घाण मागे गेली... म्हणजे आहे, पण बसली खाली. मागून काहीतरी येतंय."

"काय?"

"शेंगदाणे भाजतात तसं. पण शेंगदाणे नाहीत. खारट आहे. खमंग आहे, गं."

"तेच. ते पुढे आलं की सांगा. आधी नाही."

"अजून नाही. अजून नाही. थांब... आलं. आता! बंद कर!"

गॅस बंद झाला. खोलीत एकदम शांत वाटलं. पंपवाले नाक वर करून उभे होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं काही होतं की सिस्टरांना ते लग्नाआधीचे वाटले.

"एवढी वर्षं मी पहिल्या घाणीलाच पळत होतो," ते म्हणाले. "पुढे हे असतं, ते मला कधी कळलंच नाही. तू बोलली नाहीस कधी."

"तुम्ही दार लावून घ्यायचात."

वास सिस्टरांना आला नाही. चमत्कार काही झाला नाही. पण ओल्या गोणपाटापासून शेंगदाण्यांपर्यंतची ती वाट त्यांना पाठ होती, आणि नवऱ्याच्या बोटाला धरून त्या पुन्हा एकदा तिच्यावरून चालून आल्या होत्या. वाटेच्या शेवटी फरशीवर कुणीतरी बसलं होतं, अगदी अंधूक. सिस्टरांना तेवढ्यानंही भरून आलं.

वडी चुरली. खलात बत्ता फिरू लागला. पंपवाल्यांनी निम्म्या मिरच्या बाजूला काढायला लावल्या आणि सिस्टरांनी ते मुकाट्यानं ऐकलं. ताडगूळ पडला, मीठ पडलं, वरून लिंबू पिळलं.

बेल वाजली तेव्हा नूडल्स चाळणीत निथळत होत्या. मुलगी बूट काढता काढताच म्हणाली, "आई, खालच्या जिन्यापर्यंत घमघमाट आहे!" आणि आत येऊन थबकली. "बाबा, तुम्ही आत? आणि बाल्कनी?"

"आज सुट्टी," पंपवाले म्हणाले.

मोठी कढई तापली होती. सिस्टरांनी अंडी फोडून हलवली, कोबी आणि गाजराच्या काड्या टाकल्या, मोठ्या आचेवर परतल्या. मग नूडल्स, गोड काळा सोया सॉस आणि वर सांबाल. उलथनं कढईवर खणखणत होतं. वाफेत मुलीचा चेहरा दिसत होता आणि नव्हता. तो तसा होता तेवढ्यात बोलून टाकावं, असं सिस्टरांना वाटलं.

"मला वास येत नाही," त्या म्हणाल्या. "गेल्या थंडीपासून."

मुलीला पहिल्यांदा ते थट्टेचं वाटलं. मग तिनं बाबांकडे पाहिलं आणि तिच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं.

"अजिबात?"

"अजिबात."

तिनं पुढे होऊन शेगडीची बटणं चाचपली. वाकून नळीपाशी नाक नेलं, जोडावर बोट फिरवलं. आईचं घर तिच्या लेखी एका क्षणात तपासायच्या घरांपैकी एक झालं होतं. बोटाला वाळलेल्या साबणाची खपली लागली.

"हे कुणी लावलं?"

"मी," पंपवाले म्हणाले. "दर रविवारी लावतो."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं? आणि मला कुणी सांगितलं नाही? आई, मी रोज दहा घरांत हेच सांगत फिरते, आणि माझ्याच घरात..." तिचा आवाज चढला आणि फाटला. "काही झालं असतं म्हणजे?"

"तू शेगडी काढली असतीस," सिस्टर म्हणाल्या. "वरच्या आजोबांची काढलीस तशी."

मुलीचा हात अजून बटणावर होता. कढईत नूडल्स खाली लागत आल्या होत्या, आणि तिघांपैकी हे फक्त दोघांना कळत होतं. त्यातल्या एकीनं, म्हणजे मुलीनंच, शेवटी आच कमी केली. बंद केली नाही.

"उद्या मी गॅस गळला की वाजतो तो भोंगा आणून बसवते," ती म्हणाली. आता ती कामावरच्या आवाजात बोलत होती, कारण दुसऱ्या आवाजात तिला बोलता आलं नसतं. "आणि एकटी असताना पेटवायची नाही. बाबा घरात असतील तरच."

"चहासुद्धा नाही?"

"चहासुद्धा नाही."

सिस्टरांना ते लागलं. दुपारी पंपवाले कुणाचा पंप बसवायला बाहेर गेले की ओट्याशी एकटीनं उभं राहून केलेला चहा त्यांना फार प्रिय होता. त्या चहाला कुणी साक्षीदार नसायचा, आणि त्यामुळेच तो त्यांचा होता. पण वॉर्डात त्यांनीच किती जणांना सांगितलं होतं, यापुढे एकट्यानं उठायचं नाही, कुणाला तरी हाक मारायची. ते लोक कसे गप्प व्हायचे हे त्यांना आत्ता आतून समजलं.

"बरं," त्या म्हणाल्या.

तिघं जेवायला बसली. पंपाचं पोट खाली जमिनीवर गेलं. वाफाळत्या नूडल्सवर पातीचा कांदा पसरला होता आणि कडेला सांबालचा लाल ढीग. सिस्टरांनी काटा फिरवून पहिला घास घेतला. जीभ भाजली, पण बेतानं. गोड लागलं, आंबट लागलं, खारट लागलं. नूडल्स मऊ होत्या आणि गाजर कुरकुरीत होतं. बाकी सगळं नव्हतं.

"कसं झालंय?" त्यांनी विचारलं.

"मस्त," पंपवाले म्हणाले, आणि बायकोची नजर पाहून लगेच सावरले. "म्हणजे असं की, आधी गोड येतं. मग मिरची. आणि गिळून झाल्यावर ते येतं मघाचं, शेंगदाण्यांचं. घशाच्या वर कुठेतरी. जाता जात नाही ते."

मुलगी काटा थांबवून बापाकडे बघत होती. तिनं त्यांना एका दमात जेवणाबद्दल एवढं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. मग तिनं आईकडे पाहिलं. आई चावता चावता ऐकत होती, मान थोडी कलती करून. मुलीनं मान खाली घातली, एक घास घेतला आणि तो तोंडात बराच वेळ घोळवला.

"आई," ती म्हणाली, "लसूण जास्त झालाय."

पंपवाल्यांनी तिला टेबलाखालून पाय मारला. तो सिस्टरांना लागला.

"मारू नका तिला," सिस्टर म्हणाल्या. "किती जास्त?"

"दोन पाकळ्या तरी. आणि कच्चट लागतोय जरा."

गेल्या थंडीपासून त्यांच्या हातच्या पदार्थात कुणी चूक काढली नव्हती. सगळं छान, सगळं मस्त, आणखी वाढ. सिस्टरांनी ते वाक्य घासाबरोबर सावकाश चावलं आणि त्यांना भूक लागल्याचं जाणवलं. त्यांनी ताटलीत आणखी थोड्या नूडल्स ओढून घेतल्या. पुढच्या वेळी दोन पाकळ्या कमी घालायच्या, आणि तेलात जरा जास्त वेळ ठेवायच्या, हे त्यांनी मनाशी नीट ठरवून टाकलं.